एका वृद्ध शिपायाचें स्मरण



जुबिलीच्या निमित्तानें आम्हीं आपल्या देवळाच्या कपाटांतील जुनीं पुस्तकें बाहेर काढलीं. बाप्तिस्म्यांचें पुस्तक, लग्नांचें पुस्तक व मृतांचें पुस्तक, हींच प्रत्येक धर्मग्रामाचीं खरीं इतिहासपुस्तकें होत. वाळवीनें कडा खाल्लेल्या त्या पानांवर आमच्या आधींच्या धर्मगुरूंनीं नेटक्या अक्षरांत नोंदी करून ठेविल्या आहेत. मृतांच्या पुस्तकांत मनुष्याचें सारें आयुष्य एका ओळींत संपतें: नांव, बापाचें नांव, वय, शेवटचे संस्कार मिळाले कीं नाहीं, व कोणत्या दिवशीं मातीस दिलें. कांहीं थोड्या नांवांपुढें “पेन्शनर शिपाई” एवढे दोन शब्द अधिक आहेत. तो कोठें लढला, कोणाला वांचवून आला, परत आल्यावर त्यानें आपलीं लेंकरें कशीं वाढविलीं, याविषयीं पुस्तक मुकें आहे.

या मुकेपणाचा दोष केवळ पूर्वीच्या लोकांवर टाकतां येत नाहीं. आम्ही नवीनच धर्मगुरु झालों होतों त्या वेळची गोष्ट. एका धर्मग्रामांत एक अतिशय वृद्ध पेन्शनर शिपाई अंथरुणाला खिळला होता. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारीं आम्ही त्याला पवित्र कम्युनियन देण्यास जात असूं. एके शुक्रवारीं त्यानें आमचा हात धरला व तो म्हणाला, “फादर, लढाईंतली एक गोष्ट सांगायची राहिली आहे. पाप नव्हे, गोष्ट.” आम्हांला त्या दिवशीं आणखी चार घरीं जावयाचें होतें. “पुढच्या खेपेस स्वस्थ बसून ऐकूं, बाबा,” असें सांगून आम्ही निघालों. पुढची खेप आली नाहीं. त्याच आठवड्यांत त्याच्या नांवाची ओळ आम्हींच आपल्या हातानें मृतांच्या पुस्तकांत लिहिली. ती गोष्ट काय होती, हें आज एका परमेश्वरालाच ठाऊक आहे.

ती चूक आतां दुरुस्त होणें नाहीं. परंतु ज्याची गोष्ट ऐकून घेणारे लोक वेळेवर भेटले, अशा एका दूरदेशच्या शिपायाचें चरित्र या जुबिलीच्या पुस्तकांत सांगावें, असें आमच्या मनानें घेतलें. हा शिपाई म्हणजे लाझार पोंतिचेल्ली. पहिल्या महायुद्धांत फ्रान्सच्या निशाणाखालीं लढलेल्या शिपायांपैकीं अगदीं शेवटचा, अशी त्याची अधिकृत ओळख आहे. तो ११० वर्षें जगला. एकोणिसाव्या शतकांत जन्मून त्यानें एकविसावें शतक पाहिलें. या एवढ्या दीर्घ आयुष्यांत तो प्रत्यक्ष लढाईंत होता तो काळ फार थोडा. बाकीचीं वर्षें त्यानें घाम गाळून घर चालविण्यांत, धंदा उभारण्यांत आणि मेलेल्या सोबत्यांचें स्मरण करण्यांत घालविलीं.

उत्तर इटलींत आपेनाइन पर्वताच्या उतारावर बेत्तोला नांवाचें गांव आहे. पिआचेन्झा शहराच्या दक्षिणेचा हा डोंगराळ मुलूख एमिलिया-रोमान्या प्रांतांत मोडतो. या गांवाजवळच्या एका लहानशा वस्तींत डिसेंबर १८९७ मध्यें लाझारचा जन्म झाला. बाप जत्रांतून गुरें विकी, आणि वेळ पडेल तशी सुतारकी व चांभारकीहि करी. आई घरचा जमिनीचा तुकडा कसून शिवाय वर्षांतून तीन वेळां पो नदीच्या मैदानांत भाताच्या शेतांवर मजुरीस जाई. चिखलांत पाय रोवून दिवसभर वांकून काम करणें म्हणजे काय, हें आमच्या वाचकांना निराळें सांगावयास नको. लाझार धरून घरांत सात भावंडें. सर्वांनीं कांहीं ना कांहीं काम केल्यावांचून चूल पेटत नसे.

शेवटीं आई चार पैसे अधिक मिळवावे म्हणून फ्रान्सला गेली. पुढें बाप वारला, वडील भाऊहि वारला. मग उरलेलें कुटुंब पॅरिसला निघालें. परंतु धाकट्या लाझारला शेजाऱ्यांकडे ठेवून तीं माणसें गेलीं. आपल्यामागें आई नाहीं, बाप नाहीं, भावंडें नाहींत, अशा स्थितींत त्या पोरानें मिळेल तें काम धरिलें. लांकडी जोडे करण्याच्या कामींहि त्यानें हात लावला. अशा रीतीनें पैपैसा सांठवून वयाच्या सुमारें नवव्या वर्षीं त्यानें पिआचेन्झा येथें आगगाडी गांठली व एकट्यानेंच पॅरिसची वाट धरिली. फ्रेंच भाषेचा एक शब्दहि त्याला येत नव्हता.

पॅरिसजवळ नोझाँ-सुर-मार्न या गांवीं तो धुराडीं झाडणारा पोऱ्या झाला. थंड देशांत घरोघर शेगडी असते, व तिचा धूर वर नेणाऱ्या धुराड्यांत काजळी सांचते. ती काढण्यास अंगानें बारीक असलेलीं पोरें उपयोगी पडत. पुढें त्यानें पॅरिसच्या रस्त्यांवर वर्तमानपत्रेंहि विकलीं. या परक्या देशानें त्याला भाकर दिली, ही गोष्ट तो कधींहि विसरला नाहीं.

ऑगस्ट १९१४ मध्यें महायुद्धाचा वणवा पेटला. लाझार त्या वेळीं सोळा वर्षांचा होता. शिपाई होण्यास हें वय पुरेसें नव्हतें, म्हणून त्यानें वय वाढवून सांगितलें व “फॉरिन लीजन” या परकीयांच्या फौजेंत नांव दाखल केलें. असत्य बोलणें पापच, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्या देशानें आपल्याला अन्न दिलें त्याचे उपकार फेडावे, हा त्याच्या मनांतील हेतु होता, असें तो पुढें सांगत असे. ज्या पलटणींत तो गेला तींत फ्रान्ससाठीं लढावयास आलेले इटालियन लोक होते, आणि तिचा सेनापति होता प्रसिद्ध देशभक्त गॅरिबाल्डी याचा नातू. लाझारचा भाऊ सेलेस्त हाहि त्याच पलटणींत होता.

१९१४-१५ च्या हिंवाळ्यांत ही पलटण आर्गोनच्या अरण्यांत लढली. गॅरिबाल्डीचे आणखी दोन नातू तेथेंच दहा-बारा दिवसांच्या अंतरानें पडले. त्या काळीं उभय पक्षांचे शिपाई जमिनींत खंदक खणून समोरासमोर बसत. मधल्या पट्ट्यांत कांटेरी तारांचीं जाळीं, तोफांनीं उखळलेली माती, आणि जे पुढें जाऊन पडले त्यांचे देह. कोणी जखमी तेथें जिवंत असला, तरी त्याला आणावयास जाणें म्हणजे स्वतः मरणें होतें.

अशा एका जागीं लाझारच्या कानांवर जखमी माणसाची हांक येऊं लागली. पाय तुटला आहे, मला वांचवा, असें तो माणूस ओरडत होता. जखमी वाहून नेणारे लोक पुढें जाण्यास धजत नव्हते. तें ओरडणें ऐकवेना, तेव्हां लाझार तार तोडण्याची पक्कड घेऊन अंधारांत सरपटत निघाला. प्रथम त्याची गांठ पडली ती एका जखमी जर्मन शिपायाशीं. दोघांनाहि परस्परांची भाषा येत नव्हती. त्या जर्मनानें हाताचीं दोन बोटें वर केलीं. लाझार समजला: याच्या घरीं दोन लेंकरें आहेत.

वाचकहो, शत्रु असा हातीं सांपडला असतां युद्धाचा कायदा काय सांगतो, हें सर्वांस माहीत आहे. लाझारनें त्या जर्मनाला आधार देऊन जर्मनांच्याच खंदकाकडे पोंचविलें. तिकडून गोळ्या सुटूं लागल्या, तेव्हां त्या जखमी माणसानें आपल्या लोकांना ओरडून थांबविलें. मग लाझार माघारा फिरला, व ज्याच्या हांकेनें तो बाहेर पडला होता त्या फ्रेंच शिपायापाशीं गेला. तो दांत आवळून वेदना सोसत होता. लाझारनें त्याला ओढत ओढत आपल्या खंदकापर्यंत आणलें. त्या माणसानें त्याला मिठी मारली, आणि आपल्या चार लेंकरांच्या वतीनें तुझे आभार मानतों, असें तो म्हणाला. पुढें त्याचें काय झालें, तो जगला कीं मेला, हें लाझारला कधींच कळलें नाहीं. शंभरी उलटल्यावरहि तो ही हकीकत सांगे.

दोन लेंकरें एका बाजूचीं आणि चार दुसऱ्या बाजूचीं. त्या रात्रीं लाझार स्वतः केवळ एक पोर होता, आणि बापावांचून वाढलेला होता. म्हणूनच कीं काय, वर केलेल्या दोन बोटांचा अर्थ त्याला तत्क्षणीं कळला, असें आम्हांस वाटतें.

मे १९१५ मध्यें इटलीनें युद्धांत उडी घेतली, व परदेशांत असलेल्या आपल्या तरुणांना परत बोलाविलें. लाझारची इच्छा फ्रान्सच्याच सैन्यांत राहण्याची होती. परंतु पोलिसांच्या पहाऱ्यांत त्याला तुरिन शहरीं पोंचविण्यांत आलें. तेथें तो “आल्पिनी” म्हणजे डोंगरी शिपायांच्या तिसऱ्या पलटणींत दाखल झाला. आतां समोर ऑस्ट्रियाचे शिपाई होते आणि लढाई बर्फाच्छादित शिखरांवर होती. पाल पिक्कोलो नांवाच्या डोंगरावर तोफगोळ्याचा तुकडा लागून त्याचा गाल फाटला. डोळ्यांत रक्त उतरत असतांहि त्यानें आपली मशीनगन सोडली नाहीं. यासाठीं त्याचा गौरव झाला. जखम भरल्यावर तो पुन्हा मोर्चावर आला, आणि १९१८ मध्यें विषारी वायूच्या हल्ल्यांत त्यानें आपले शेंकडों सोबती मरतांना पाहिले.

या डोंगरांतील आणखी एक गोष्ट तो आवर्जून सांगे. एका ठिकाणीं दोन्ही बाजूंचे खंदक इतके जवळ होते कीं, शिपायांची बोलचाल सुरू झाली. ऑस्ट्रियन लोकांपाशीं तंबाखू होती, इटालियनांपाशीं पाव होते. अदलाबदल होऊं लागली, आणि कांहीं दिवस त्या भागांत एकहि गोळी सुटली नाहीं. वरिष्ठांना हें कळतांच लाझारची तुकडी तेथून हलवून अधिक कठीण जागीं पाठविण्यांत आली. एकमेकांना न ओळखणाऱ्या बापांनीं एकमेकांवर गोळ्या झाडाव्या, हा निव्वळ मूर्खपणा होय, असें त्याचें मत शेवटपर्यंत होतें. हा शब्द भित्र्या माणसाचा नव्हे. गाल फाटल्यावरहि मशीनगन न सोडणाऱ्याचा आहे, म्हणून त्याला वजन आहे.

नेमक्या त्याच दिवसांत रोममध्यें पोप पंधरावे बेनेडिक्ट हेंच सांगत होते. १ ऑगस्ट १९१७ रोजीं त्यांनीं लढणाऱ्या सर्व राष्ट्रांच्या प्रमुखांना पत्र पाठवून या युद्धाला निरर्थक कत्तल असें म्हटलें, व तह करण्याची विनंती केली. राजेलोकांनीं तें ऐकलें नाहीं. परंतु याच पोपमहाशयांनीं दोन वर्षें आधीं, १० ऑगस्ट १९१५ रोजीं, एक हुकूम काढला होता, त्याचें फळ आपण आजहि दरवर्षीं चाखतों. रणांगणावर पडलेल्या असंख्य जीवांसाठीं प्रार्थना करणारे हात कमी पडूं नयेत, म्हणून २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशीं, प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा करण्याची परवानगी त्यांनीं दिली. त्या दिवशीं आपल्या कबरस्तानांत मेणबत्त्या लावून आपण उभे राहतों, तेव्हां त्या तीन मिस्सांच्या मुळाशीं आर्गोन व आल्प्स येथील खंदकांतली माती आहे, हें आमच्या तरुण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

१९२० मध्यें लाझारची शिपाईगिरी संपली व तो फ्रान्सला परत आला. आतां त्यांना “तो” म्हणणें शोभणार नाहीं, कारण येथून पुढें पोंतिचेल्ली हे घरंदाज गृहस्थ झाले. त्याच वर्षीं सेलेस्त व बोन्फील या दोन भावांबरोबर त्यांनीं पॅरिस येथें “पोंतिचेल्ली बंधु” ही कंपनी काढली. धंदा कोणता? धुराडीं बांधण्याचा व दुरुस्त करण्याचा! लहानपणीं ज्या काजळींत ते रांगले, तिच्यांतूनच त्यांनीं आपली भाकर काढली. पुढें कारखान्यांचे नळ व लोखंडी कामें हीं कंपनी करूं लागली. तिचा पसारा वाढत जाऊन हजारों कामगारांच्या घरच्या चुली तिच्यावर पेटूं लागल्या, आणि ती कंपनी आजहि चालू आहे. पोंतिचेल्ली यांनीं लग्न केलें, मुलेंबाळें वाढविलीं, व १९६० पर्यंत धंद्याचा भार वाहिला.

१९३९ मध्यें त्यांना फ्रान्सचें नागरिकत्व मिळालें. त्याच वर्षीं दुसरें महायुद्ध सुरू झालें. पुन्हा शिपाई होण्याचें वय उरलें नव्हतें, परंतु जर्मनांनीं देश व्यापला तेव्हां गुप्तपणें प्रतिकार करणाऱ्यांना त्यांनीं साह्य केलें. युद्ध मूर्खपणाचें असें म्हणणारा हा मनुष्य, अन्यायापुढें मान तुकविणारा नव्हता. या दोन गोष्टींत कोणाला विरोध दिसेल, तर त्यानें आपल्या घरांतील कोणा चांगल्या बापाकडे पाहावें. मुलांनीं भांडूं नये असें बाप सांगतो, आणि दारांत चोर आला तर काठी घेऊन तोच प्रथम उठतो.

येथें कोणी विचारील कीं, फ्रान्स व इटली येथील लढायांशीं आम्हां मराठी लोकांचा संबंध तो काय? संबंध जवळचा आहे. लाझार आर्गोनच्या खंदकांत होता त्याच हिंवाळ्यांत, त्याच फ्रान्स देशाच्या उत्तर भागांत, हिंदुस्थानचे शिपाई थंडीनें काकडत लढत होते. मार्च १९१५ मध्यें न्यू शापेल येथें त्यांनीं मोठी लढाई दिली. त्या ठिकाणीं १९२७ मध्यें उभारलेल्या स्मारकावर, ज्यांना कबरहि मिळाली नाहीं अशा ४,७०० हून अधिक हिंदी शिपायांचीं नांवें कोरलीं आहेत. मेसोपोटेमियांत कूत-अल-अमारा येथें मराठा पलटणींचे लोक वेढ्यांत अडकून उपासमारीनें झिजले, व २९ एप्रिल १९१६ रोजीं शत्रूच्या हातीं पडले. त्या महायुद्धांत हिंदुस्थानचे सुमारें ७४,००० शिपाई कामास आले. यांपैकीं किती जणांच्या घरीं दोन लेंकरें होतीं, आणि किती जणांच्या घरीं चार, याची मोजदाद कोणीं ठेविली आहे?

दुसऱ्या महायुद्धांत तर आमचे मराठा शिपाई पोंतिचेल्ली यांच्या जन्मप्रांतांतच जाऊन लढले. ९ एप्रिल १९४५ रोजीं एमिलिया-रोमान्या प्रांतांत सेनियो नदीच्या कांठीं नगर जिल्ह्याचे शिपाई नामदेव जाधव यांनीं दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक उचलून, नदीच्या पाण्यांतून व सुरुंग पेरलेल्या जागेंतून सुरक्षित स्थळीं आणलें, आणि मग परत जाऊन शत्रूच्या मशीनगनींचीं ठाणीं बंद पाडलीं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते १९८४ मध्यें वारले. आर्गोनमधील इटालियन पोर आणि सेनियोकांठचा मराठा गडी यांची धर्मानें, भाषेनें वा रक्तानें कांहींच ओळख नव्हती. परंतु पडलेल्या माणसाची हांक ऐकून पुढें जाणारा जो शेजारी प्रभु येशूनें चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यांत दाखविला आहे, तो दोघांतहि आपल्याला दिसतो.

पहिलें महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजीं थांबलें. हा दिवस संत मार्टिनचा सण होय, ही गोष्ट कॅथोलिक वाचकांच्या लक्षांत आली असेलच. संत मार्टिन हे स्वतः शिपाई. त्यांचें बालपण पो नदीच्या मैदानांतील पाव्हिया शहरांत गेलें, म्हणजे पिआचेन्झाच्या शेजारांत. आणि लाझारप्रमाणेंच त्यांचेंहि कार्यक्षेत्र फ्रान्स. आमियें शहराच्या वेशींत थंडीनें कुडकुडणाऱ्या एका भिकाऱ्याला त्यांनीं आपला शिपायाचा झगा तलवारीनें अर्धा कापून दिला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. त्यांचा देह ११ नोव्हेंबर ३९७ रोजीं तूर शहरीं पुरला गेला. त्यानंतर बरोबर पंधराशें वर्षांनीं लाझारचा जन्म झाला.

दरवर्षीं ११ नोव्हेंबरला पोंतिचेल्ली आपल्या गांवच्या युद्धस्मारकापाशीं जाऊन उभे राहत. वयाला शंभर वर्षें झालीं तरी हा नेम मोडला नाहीं. शेवटचीं वर्षें ते पॅरिसला लागून असलेल्या क्रेम्लिन-बिसेत्र येथें आपल्या मुलीकडे राहिले. नोव्हेंबर २००७ मध्यें, ११० वर्षें पुरीं होण्यास महिनाहि पुरता उरला नसतां, ते पुन्हा त्या स्मारकापाशीं गेले. स्वतःचीं पदकें मात्र त्यांनीं घरांत जोड्यांच्या एका खोक्यांत घालून ठेविलीं होतीं. खंदकांत असतांना सोबत्यांनीं एकमेकांना वचन दिलें होतें कीं, जो मागें राहील त्यानें मेलेल्यांना विसरूं नये. त्या वचनाचा नेम ते पाळीत होते.

त्या युद्धांत फ्रान्सनें सुमारें ८४ लक्ष पुरुषांना शस्त्र धरावयास लाविलें होतें, व त्यांपैकीं सुमारें १४ लक्ष मेले. जिवंत परतलेले एकेक करून वार्धक्यानें गेले. २००५ मध्यें फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाक शिराक यांनीं जाहीर केलें कीं, यांतील जो शेवटचा शिपाई असेल त्याचा अंत्यविधि राष्ट्रीय इतमामानें होईल. हा मान बहुतेकांना हवासा वाटला असता. पोंतिचेल्ली यांनीं तो नाकारला. एवढे लक्षावधि लोक मेले, त्यांच्याकडे कोणीं ढुंकूनहि पाहिलें नाहीं, आणि केवळ मी शेवटीं मेलों म्हणून माझा उत्सव करावा, हा त्या मेलेल्यांचा अपमान आहे, असें त्यांचें म्हणणें होतें.

२० जानेवारी २००८ रोजीं लुई द काझनाव्ह हे दुसरे वृद्ध शिपाई वारले, आणि आतां पोंतिचेल्ली एकटे उरले. तेव्हां त्यांनीं पुन्हा विचार केला व संमति दिली, परंतु अट घालून: समारंभ साधा असावा, मोठी मिरवणूक नसावी, आणि तो माझ्या नांवानें नव्हे, तर जे कोणी मेले त्या सर्वांच्या नांवानें व्हावा. नकार देतांना जो मनुष्य नम्र होता, तो होकार देतांनाहि नम्रच राहिला. आपलें शवपेटक त्यांनीं जणूं त्या सर्व मुक्या मृतांना उसनें दिलें.

१२ मार्च २००८ रोजीं त्यांनीं देह ठेविला. १७ मार्च रोजीं पॅरिस येथें इन्वालिद या शिपायांच्या जुन्या आश्रमांतील संत लुईच्या देवळांत त्यांचा अंत्यविधि झाला. फॉरिन लीजनच्या शिपायांनीं शवपेटक खांद्यावर घेतलें. राष्ट्राध्यक्ष सार्कोझी हजर होते. इतिहासकार माक्स गालो यांनीं स्मरणाचें भाषण केलें. देशभर निशाणें अर्ध्यावर उतरलीं होतीं. नंतर इव्री येथील कबरस्तानांत घरच्याच कबरींत, आपल्या माणसांच्या शेजारीं, त्यांना मातीस देण्यांत आलें.

तो दिवस पवित्र सप्ताहांतील सोमवार होता. त्या दिवशीं पवित्र सभा जें शुभवर्तमान वाचते तें संत योहानाच्या बाराव्या अध्यायांतील आहे: वल्हांडणाच्या सहा दिवस आधीं प्रभु येशू बेथानी गांवीं आला, आणि ज्याला त्यानें मेलेल्यांतून उठविलें होतें तो लाजर तेथें पंक्तीला बसला होता. आमच्या वृद्ध शिपायाचें नांव तेंच. लाझार म्हणजे लाजर. हा योग कोणीं जुळवून आणिला नव्हता. परंतु ज्या दिवशीं फ्रान्सनें आपल्या शेवटच्या शिपायाला निरोप दिला, त्याच दिवशीं जगांतील प्रत्येक वेदीवर लाजराचें नांव घेतलें गेलें, हें आठवलें म्हणजे आमच्या मनाला मोठें समाधान वाटतें.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामांतहि कोणी जुना शिपाई असेल, कोणी आगबोटीवर उभें आयुष्य काढलेला खलाशी असेल, कोणी गिरणींत तीस वर्षें पाळ्या केलेला आजोबा असेल. त्यांची छाती पदकांनीं भरलेली नसेल. त्यांच्या खोक्यांत काय आहे हें त्यांच्या नातवंडांनाहि ठाऊक नसेल. आपण त्यांच्यापाशीं जाऊन बसावें, व ते जें सांगतील तें वहींत लिहून घ्यावें. लढाईची गोष्ट असेल तर ती, आणि दुष्काळांत मुलांना उपाशी न ठेवतां वाढविल्याची असेल तर तीहि. कारण दोन्हींना एकच धैर्य लागतें. आमच्या मृतांच्या पुस्तकांत प्रत्येकाला एकच ओळ मिळते, आणि ती वाढविण्याचा अधिकार आम्हांला नाहीं. परंतु घरोघरच्या वह्यांना तसा कांहीं निर्बंध नाहीं. हें काम उद्यांवर टाकूं नये. उद्यांवर टाकल्यानें काय होतें, हें आम्हीं वर सांगितलेंच आहे.

येत्या २ नोव्हेंबरला तीन मिस्सांपैकीं एक मिस्सा आम्ही या धर्मग्रामांतील व सर्व देशांतील मृत शिपायांसाठीं अर्पण करूं. ज्यांच्या घरीं दोन लेंकरें होतीं त्यांच्यासाठीं, ज्यांच्या घरीं चार होतीं त्यांच्यासाठीं, आणि ज्याची गोष्ट ऐकण्यास आम्ही थांबलों नाहीं त्या बाबासाठींहि. ज्या परमेश्वरानें लाजराला नांवानें हांक मारून कबरेंतून बाहेर बोलाविलें, तो या सर्वांना नांवानें हांक मारो व आपल्या पंक्तीला बसवो. आमेन.